४० चौकटींचं दुकान: गेममधल्या बॅगेकडून शिकूया मालाची मांडणी



"दादा, जागा छोटी आहे, भांडवल बेताचं आहे. नेमका काय काय माल भरू?" हा प्रश्न आपल्या प्रत्येक बॅचमध्ये येतो. या आठवड्याच्या व्हिडिओत मी त्याचं उत्तर चक्क गेममधल्या बॅगेतून दिलं. व्हिडिओत वेळ कमी पडला आणि हिशोब पटापट स्क्रीनवरून गेले, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. शेवटी अर्ध्या तासाचा गृहपाठ आहे.

उदाहरणासाठी गाव घेऊया गुंजवणे. पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर, तिथून आत वळून मार्गासनी, साखर आणि मग गुंजवणे. राजगडाच्या पायथ्याचं गाव. चोरदरवाज्याने पद्मावती माचीवर जाणारी वाट इथूनच सुटते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी वारशाचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात राजगडही आहे. म्हणजे या गावात धंद्याला गिऱ्हाईक आहे. पण ते येतं कधी? मुख्यतः शनिवार-रविवारी. सोमवार ते शुक्रवार दुकानासमोरून जातात ती गावातलीच माणसं. आता समजा, एखाद्या ताईंनी बचत गटाकडून कर्ज घेऊन इथे छोटं दुकान टाकायचं ठरवलं. मागे भिंतीला एक मांडणी: ४ फळ्या, प्रत्येक फळीवर १० कप्पे. एकूण ४० चौकटी. त्यात काय ठेवायचं?

हाच प्रश्न गेम खेळणारी पोरं गेली २५-३० वर्षं रोज सोडवतायत.

गेममध्ये नेमकं काय असतं?

रोल-प्लेइंग गेम म्हणजे तुम्ही एक पात्र घेता, त्याला लढायला पाठवता आणि हळूहळू त्याची ताकद वाढवता. ताकद वाढते ती सामानाने: तलवार, ढाल, चिलखत, औषधं, ताईत. काही गेममध्ये हे सामान कितीही घेता येतं. पण जे गेम खरं डोकं चालवायला लावतात, त्यात सामानाची जागा चौकटींत मोजलेली असते.

१९९६च्या अखेरीस आलेला 'डायब्लो' बघा. त्यात पात्राची बॅग म्हणजे १० आडव्या आणि ४ उभ्या अशा ४० चौकटी. आपल्या ताईंच्या मांडणीएवढ्याच! औषधाची बाटली १ चौकट खाते, चिलखत २ बाय ३ म्हणजे ६ चौकटी. आणि गंमत म्हणजे त्या पहिल्या डायब्लोत सोन्याची नाणीसुद्धा जागा घ्यायची. एका चौकटीत फक्त ५,००० नाणी. श्रीमंत झालात की बॅगेत तलवारीला जागा उरायची नाही.

पुढे याचे अनेक प्रकार निघाले. 'रेसिडेंट एव्हिल ४' (२००५) हा तसा भीतीचा आणि गोळीबाराचा गेम, पण त्यातली सामानाची पेटी लोकांना अजून आठवते. बंदूक आडवी बसत नसेल तर उभी करा, दोन बाटल्या कोपऱ्यात सारा, एक चौकट मोकळी करा. 'बॅकपॅक हीरो'सारख्या अलीकडच्या गेममध्ये तर बॅग लावणं हाच मुख्य खेळ आहे. कोणती वस्तू कुठे आणि कोणाच्या शेजारी ठेवली, यावर तिची ताकद ठरते.

आपल्याकडे घरातल्या भांड्यांच्या फळीलाही 'मांडणी' म्हणतात आणि रचनेलाही 'मांडणीच' म्हणतात. एकाच शब्दात आजचा सगळा विषय आला.

धडा १: वस्तू किती भारी ते नंतर, आधी एका चौकटीमागे काय मिळतं ते बघा

'डायब्लो २'चा विस्तार २००१ साली आला. त्यात ताईत आले. हे ताईत अंगात घालायचे नसतात, नुसते बॅगेत ठेवले की पात्राला बळ देतात. आकार तीन: छोटा १ चौकटीचा, मधला २ चौकटींचा, मोठा ३ चौकटींचा.

आता त्यांचं जीवनबळ बघा. सर्वोत्तम छोटा ताईत २० देतो, मधला ३५, मोठा ४५. नवीन खेळाडू म्हणतो, ४५ सगळ्यात जास्त, मोठाच घेऊ. जुना खेळाडू भागाकार करतो. मोठ्याचे ४५ भागिले ३ म्हणजे चौकटीमागे १५. मधल्याचे साडेसतरा. छोट्याचे २०. म्हणजे मोठ्या ताइताच्या जागेत तीन छोटे ठेवले तर ६० मिळतात. जागा तीच, बळ १५ने जास्त.

हाच भागाकार दुकानात करा. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्हाला भरायचे आहेत.

- पाण्याच्या बाटल्या: ८ चौकटी, आठवड्याचा नफा ९६० रुपये. चौकटीमागे १२०.
- शेंगदाणा चिक्की: १ चौकट, नफा २२०. चौकटीमागे २२०.
- ओआरएसची पाकिटं: १ चौकट, नफा १५०. चौकटीमागे १५०.
- उन्हाच्या टोप्या: ४ चौकटी, नफा ३२०. चौकटीमागे ८०.
- वह्या-पेनं: २ चौकटी, नफा ६०. चौकटीमागे ३०.
- मीठ: २ चौकटी, नफा ४०. चौकटीमागे २०.

एका टोपीवर सुटणारे पैसे एका चिक्कीपेक्षा जास्त असतात, म्हणून दुकानदाराला टोपी आवडते. पण टोपी जागा अडवते आणि सावकाश खपते. चिक्की एका कप्प्यात मावते आणि रविवारी संध्याकाळपर्यंत संपते. बीबीएला आम्हाला हे 'इन्व्हेंटरी टर्नओव्हर' म्हणून शिकवलं होतं. गेम खेळणाऱ्या बारावीच्या मुलाला ते नाव माहीत नसतं, पण हिशोब बरोबर येतो.

जे गडावर जाऊन विक्री करतात त्यांनी चौकटीऐवजी किलो धरायचा. पाटी डोक्यावर घेऊन चोरदरवाज्याची चढण चढायची तर जागेपेक्षा वजन आडवं येतं. १ लिटरची पाण्याची बाटली म्हणजे १ किलो. त्याच १ किलोत लिंबं नेली तर सरबताचे किती ग्लास होतात ते मोजा, अर्थात वर चांगल्या पाण्याची सोय असेल तर. भागाकार तोच, फक्त खाली भाजक बदलला.

पण थांबा. 'डायब्लो २'मधले जुने खेळाडू बॅगेत मोठे ताईतही ठेवतात. का? कारण एका पूर्ण विद्याशाखेतली सगळी कौशल्यं एका पायरीने वाढवण्याचा गुण फक्त मोठ्या ताइतातच मिळतो. छोटे कितीही ठेवले तरी तो गुण येत नाही. म्हणजे भागाकार हा पहिला चाळणीचा नियम आहे, शेवटचा निकाल नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, मिठाच्या वेळी लागणार आहे.

धडा २: जागा पुरेशी आहे म्हणून माल बसेलच असं नाही

हा प्रयोग आत्ता करून बघा. चौकडीची वही घ्या. ४ चौकोन जोडून होणारे वेगवेगळे आकार काढा. फिरवून आणि उलटवून सारखे होतात ते एकच धरले तर पाचच आकार निघतात: सरळ पट्टी, चौकोनी ठोकळा, एल, झेड आणि टी. टेट्रिस खेळलेल्यांना हे तोंडपाठ असतील. पाच आकार गुणिले ४ म्हणजे २० चौकोन. आता ४ बाय ५चा आयत आखा. तोही २० चौकोनांचा. पाचही आकार कापून त्यात बसवा.

बसणार नाहीत. दिवसभर बसलात तरी नाहीत.

कारण सोपं आहे. त्या आयताला बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे रंग द्या. १० काळे, १० पांढरे. पट्टी, ठोकळा, एल आणि झेड कुठेही ठेवले तरी प्रत्येकी २ काळे आणि २ पांढरे झाकतात. टी मात्र नेहमी एका रंगाचे ३ आणि दुसऱ्याचा १ झाकतो. म्हणून पाचांची बेरीज ११ आणि ९ येते, १० आणि १० कधीच येत नाही. क्षेत्रफळ जुळलं, आकार जुळला नाही.

भांडवलाचंही असंच असतं. हातात २०,००० आहेत आणि यादीची बेरीज २०,००० येते, म्हणून सगळं बसलं असं वाटतं. पण होलसेलवाला सुटं देत नाही. बिस्किटांचा पूर्ण बॉक्सच घ्यावा लागतो, टोप्या डझनावरच मिळतात, एखादी कंपनी किमान ऑर्डरशिवाय गाडीच पाठवत नाही. हे सगळे मालाचे 'आकार' आहेत. ऑर्डर देण्याआधी किमतीच्या शेजारी दोन गोष्टी लिहा: कमीत कमी किती घ्यावं लागतं, आणि तेवढं खपायला किती दिवस लागतात. एक डझन टोप्या ३ आठवड्यांत खपत असतील तर तुमचे तेवढे पैसे ३ आठवडे टोपीच्या आकारात अडकले.

धडा १ आणि धडा २ एकत्र आले की आणखी एक गंमत होते. समजा १० चौकटी मोकळ्या आहेत. माल 'क' ६ चौकटी घेतो, नफा ६६० देतो, म्हणजे चौकटीमागे ११०. माल 'ख' आणि 'ग' प्रत्येकी ५ चौकटी घेतात, प्रत्येकी ५०० देतात, म्हणजे चौकटीमागे १००. भागाकार म्हणतो 'क' घ्या. 'क' घेतला की ४ चौकटी उरतात, त्यात ना 'ख' बसतो ना 'ग'. मिळाले ६६०. 'ख' आणि 'ग' घेतले असते तर १,०००. उरलेल्या ४ चौकटींत साडेतीनशेच्या आसपास कमावणारा बारीकसारीक माल हाताशी असेल तरच 'क' परवडतो.

गणितात याला नॅपसॅक प्रॉब्लेम म्हणतात, म्हणजे पाठपिशवीचा प्रश्न. किमतीला जागेने भागून वरून खाली घेत जायची पद्धत जॉर्ज डँटझिग या गणितज्ञाने १९५७ साली मांडली. १९७२ साली रिचर्ड कार्प यांनी अवघड प्रश्नांची जी प्रसिद्ध २१ची यादी केली, त्यात हा पाठपिशवीचा प्रश्न होता. अवघड का? फक्त ४० वस्तू घ्या आणि प्रत्येकीबाबत 'घ्यायची की नाही' एवढंच ठरवा. पर्याय होतात सुमारे १ लाख १० हजार कोटी. त्यामुळे ताईंच्या दुकानाची शंभर टक्के परफेक्ट मांडणी शोधत बसू नका. आधी भागाकाराने चांगली मांडणी करा, मग दोन-तीन वस्तूंची अदलाबदल करून बघा. तेवढ्याने बरंचसं काम होतं.

धडा ३: शेजार बघा

'मेगा मॅन बॅटल नेटवर्क ३' जपानमध्ये २००२च्या डिसेंबरात आला. त्यात पात्राला बळ देणारे रंगीत तुकडे एका छोट्या चौकटीच्या पटावर बसवायचे असतात. पट सुरुवातीला ४ बाय ४. नियम तीन. एकाच रंगाचे दोन तुकडे एकमेकांना चिकटता कामा नयेत. मुख्य तुकडे पटाच्या मधल्या ओळीला, म्हणजे कमांड लाइनला, लागलेच पाहिजेत. आणि साधे जोड-तुकडे त्या ओळीवर येता कामा नयेत. नियम मोडला की पात्रात बिघाड होतो. तुकडा तोच, बळ तेच, जागा चुकली म्हणून नुकसान.

दुकानात कमांड लाइन कोणती? डोळ्यासमोरची फळी. गिऱ्हाईक उभं राहिल्यावर मान न हलवता जे दिसतं ते. तिथे शनिवारी चिक्की, ओआरएस, टोप्या. तांदळाची पोती आणि साबणाचे खोके तिथे ठेवले तर तो जोड-तुकडा मुख्य ओळीवर बसवल्यासारखं झालं. मीठ कुठेही ठेवा, ज्याला हवंय तो मागूनच घेतो.

आणि चिकटू न देण्याचा नियम? अगरबत्ती आणि चहा पावडर शेजारी ठेवा, आठ दिवसांनी चहाला देवघराचा वास येतो. डासांच्या कॉइलशेजारी बिस्किटं ठेवून बघा. हेही बिघाडच.

उलट काही शेजार बळ वाढवतात. ओआरएसशेजारी पाण्याची बाटली, टॉर्चशेजारी सेल, वहीशेजारी पेन. 'बॅकपॅक हीरो' खेळणारा मुलगा वस्तू उचलण्याआधी बघतो की हिला कोणाचा शेजार हवा आहे. तुम्ही ऑर्डर देण्याआधी हेच विचारा: हा माल आला तर सोबत आणखी काय खपेल?

मग मीठ बाहेर काढायचं का?

आता खरा पेच. वरच्या यादीत मीठ सगळ्यात खाली आहे. चौकटीमागे २० रुपये. वह्या-पेनं ३०. कोरडा भागाकार सांगतो की दोन्ही काढा, तिथे चिक्की आणि पाणी भरा. पर्यटनाच्या गावांत हे होताना तुम्ही पाहिलं असेल. हळूहळू दुकानातून काडेपेटी जाते, साखर जाते, शाळेची वही जाते. उरतं फक्त पाणी, वेफर्स आणि टोप्या. गावातल्या आजींना एका मिठाच्या पुड्यासाठी नातवाला गाडीवर दुसऱ्या गावी पाठवावं लागतं.

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही, धंद्याचं आहे. मीठ एकटं विकलं जात नाही. मिठाला आलेल्या मावशी चहा पावडर घेतात, साबण घेतात, पोराला गोळी घेतात. मिठाच्या दोन चौकटींची कमाई मिठाच्या रकान्यात दिसत नाही, ती शेजारच्या रकान्यांत पडलेली असते. मीठ काढलं तर ४० रुपये जात नाहीत, सोमवार ते शुक्रवारचं गिऱ्हाईक जातं. आणि पावसाने, बंदीने किंवा आणखी कशाने ट्रेकर यायचे थांबले, तर त्या आठवड्यात तुमचं दुकान कोण चालवणार? गावच.

म्हणजे मीठ हा आपला मोठा ताईत आहे. भागाकारात हरतो, पण जे तो देतो ते दुसरं काहीच देत नाही. असा माल कसा ओळखायचा? एक महिना वहीत लिहा: गिऱ्हाईक काय मागत आलं आणि जाताना काय काय घेऊन गेलं. 'मागत आलं' या रकान्यात जो माल वारंवार येतो, तो नफा कमी देत असला तरी काढू नका. 'सोबत घेतलं' याही रकान्यात नाही आणि 'मागत आलं' यातही नाही, तो माल मात्र कितीही लाडका असला तरी काढा.

मिठाला किती जागा द्यायची हा प्रश्न वेगळा. दोनऐवजी एक चौकट पुरेल का, रोज मागून भरता येईल का, हे जरूर बघा.

धडा ४: मोहीम बदलली की मांडणी बदला

'किंगडम हार्ट्स ३५८/२ डेज' हा २००९चा गेम. यात चौकटींच्या पटावर शस्त्रं आणि औषधं तर बसवायची असतातच, पण पात्राचा अनुभव, म्हणजे त्याची लेव्हलसुद्धा एक चौकट घेते! शिवाय काही मोठे तुकडे असे आहेत की त्यांच्या खाचेत लेव्हलची चौकट बसवली की ती दुप्पट धरली जाते. त्यामुळे खेळाडू प्रत्येक मोहिमेआधी पट पुन्हा लावतो. आज शत्रू कोण, वाट किती लांब, त्याप्रमाणे.

गुंजवण्याच्या दुकानाच्या किमान तीन मोहिमा आहेत: गावाचे पाच दिवस, ट्रेकरचे दोन दिवस, आणि पावसाळा. एकच मांडणी तिन्हीला चालणार नाही. रोज सगळं दुकान हलवणंही शक्य नाही. यावर सोपा उपाय म्हणजे क्रेट. ४० पैकी साधारण २४ चौकटी कायमच्या ठेवा, १२ चौकटी क्रेटमध्ये करा. शुक्रवारी संध्याकाळी वह्या-साबणाचे क्रेट मागे जातात, चिक्की-पाण्या-टोप्यांचे पुढे येतात. रविवारी रात्री उलट. अर्ध्या तासाचं काम आहे.

अनुभवही जागा घेतो, हेही दुकानाला लागू आहे. नवीन प्रकारचा माल आणला की तो शिकायला वेळ जातो: कोणाकडून घ्यायचा, किती टिकतो, गिऱ्हाईक काय विचारतं. एका वेळी पाच नवीन वस्तू आणू नका. एक आणा, ती नीट कळू द्या. ट्रेकरला कोणती वाट कठीण, पाणी किती न्यावं हे नीट सांगता आलं, तर पाण्याची तीच बाटली जास्त खपते. ही दुप्पट करणारी खाच.

धडा ५: रिकामी चौकट वाया जात नाही

'डायब्लो २'मध्ये पुन्हा जाऊ. ताइतांनी बॅग काठोकाठ भरली की पात्र जबरदस्त होतं. मग ते मोठा राक्षस मारतं, जमिनीवर उत्तम तलवार पडते आणि ती उचलायला बॅगेत जागा नसते! म्हणून अनुभवी खेळाडू मुद्दाम काही चौकटी मोकळ्या ठेवतात.

त्या गेममध्ये 'होराड्रिक क्यूब' नावाची एक पेटी आहे. बॅगेत ती ४ चौकटी घेते, पण तिच्या आत १२ चौकटींचं सामान मावतं. मात्र ताईत त्या पेटीत ठेवला की त्याचं बळ मिळत नाही. आपला दुकानाचा माळा असाच असतो. माल मावतो खूप, पण गिऱ्हाइकाला दिसत नाही तोवर खपत नाही. माळ्यावर फक्त तोच माल टाका जो पुढच्या फळीवर आधीच खपतोय. आणि जागा वाढवायचीच असेल तर छताला दोरी बांधून वेफर्सच्या पाकिटांच्या माळा लटकवा. गावोगावचे दुकानदार हे वर्षानुवर्षं करतात, एक चौकट न खाता माल डोळ्यासमोर येतो.

२४ कायमच्या, १२ क्रेटच्या, उरल्या ४. त्या मोकळ्या ठेवा. पैशाचंही तसंच, सगळं भांडवल पहिल्याच ऑर्डरमध्ये घालू नका. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की ट्रेकर रेनकोट, प्लास्टिकची पिशवी, मोबाईल झाकायचं पाकीट मागतो. त्या दिवशी तुमच्याकडे एक मोकळा कप्पा आणि थोडी रोकड असेल तर तुम्ही लगेच माल आणाल. नसेल, तर उन्हाच्या टोप्यांकडे बघत बसाल.

गेम आणि दुकान इथे वेगळे पडतात

गेमचं सगळंच दुकानाला लावू नका. चार फरक पक्के लक्षात ठेवा.

१. गेममध्ये सामान हलवायला पैसे लागत नाहीत. दुकानात चुकीचा माल परत करताना निम्मी किंमत जाते, कधी सगळीच. म्हणून नवीन वस्तू आधी कमीत कमी प्रमाणात आणा.

२. गेममधलं औषध वर्षानुवर्षं टिकतं. तुमच्या चिक्कीवर तारीख असते, आणि पावसाळ्यात ती त्याआधीच मऊ पडते.

३. गेममध्ये उधारी नाही. मीठ-साखरेच्या गिऱ्हाइकाबरोबर उधारीची वही येते. हिशोबात मिठाचा नफा धरताना वसूल झालेलाच धरा.

४. गेम प्रत्येक वस्तूचं बळ आकड्यात लिहून देतो. दुकानात तो आकडा कोणी देत नाही, तो तुम्हालाच रोज लिहावा लागतो. पाचही धडे पाठ असूनही वही नसेल तर सगळा अंदाजच राहतो.

या आठवड्याचा गृहपाठ

१. चौकडीच्या वहीत आपल्या मांडणीचा नकाशा काढा. एक चौकट म्हणजे साधारण एक वीत. दुकान अजून सुरू केलं नसेल तर जिथे टाकायचंय ती जागा मोजून काढा.

२. प्रत्येक चौकटीत आत्ता काय आहे ते पेन्सिलने लिहा. पेन्सिलनेच, खोडायचंय.

३. शेजारी पाच रकाने करा: माल, चौकटी, आठवड्याचा नफा, चौकटीमागे नफा, कमीत कमी किती घ्यावा लागतो.

४. सगळ्यात खालच्या पाच वस्तूंवर गोल करा. प्रत्येकीपुढे लिहा: ही कोणाला दुकानात आणते? उत्तर असेल तर ठेवा. नसेल तर माल संपल्यावर पुन्हा भरू नका.

५. डोळ्यासमोरच्या फळीवर काय आहे ते तपासा. चौकटीमागे सगळ्यात जास्त देणाऱ्या तीन वस्तू तिथे आहेत का?

६. किमान चार चौकटी मोकळ्या करा आणि महिनाभर तशाच ठेवून बघा.

राजगड बांधणाऱ्यांपुढेही सपाट जागा मोजकीच होती. डोंगराने आकार ठरवून दिला, त्यांनी त्यात पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आणि वर बालेकिल्ला बसवला. पुढच्या वेळी गडावर गेलात तर वरून तेवढं बघा, आणि उतरताना पायथ्याच्या दुकानात काहीतरी विकत घ्या.

तुमच्या मांडणीचा वहीतला नकाशा आणि खालच्या पाच वस्तू मला नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काही नकाशांवर आपण सगळे मिळून काम करू आणि उधारीच्या वहीचा विषयही घेऊ. तोपर्यंत पेन्सिल टोकदार ठेवा!